पट्टी उतरवा, मास्तर

रात्रीचे तीन वाजून गेले होते. तिसरा अंक चालू होता. नाटकातला माझा नवरा मरून पडलेला, मी त्याच्या उशाशी बसून रडतेय आणि रडता रडता गाणं सुरू होतं. झाडीपट्टीच्या नाटकात असंच असतं. माणूस मेला तरी गाणं होतं, लग्न जुळलं तरी होतं, पाटलानं जमीन हडपली तरी होतंच. या गाण्याच्या अंतऱ्यात वरचा सा आहे. तिथे मी नेहमी गरजेपेक्षा जरा जास्तच थांबायची, कारण तिथे टाळ्या येतात. त्या रात्री तोंड उघडलं आणि सा च्या जागी नुसती हवा आली. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह दाबल्यावर येते तशी.

मेलेल्या नवऱ्यानं डोळे न उघडताच विचारलं, "का झाला जी बाई?"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि खरीच रडले. समोर तणशीवर चादरी पांघरून बसलेल्या लोकांना वाटलं, काय काम करून रायली बाई! शिट्ट्या आल्या. मंचाच्या पुढ्यात ऑर्गनवर बसलेले मास्तर तेवढे फसले नाहीत. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी त्यांनी मान वर केली आणि बोट खाली करून दाखवलं. म्हणजे, पट्टी उतरवू का, गाणं खालच्या सा वरून वाजवू का? मी मान हलवली. नाही.

ही जानेवारीतली गोष्ट. त्या 'नाही'चे पैसे मी पुढे दहा महिने फेडले.

मी आरमोरी तालुक्यातली. घरी दोन एकर धान. वडील दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात गायचे, एरवी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवायचे. लग्न होऊन आले तर सासू त्यांच्याही वरची निघाली. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या वीस बायांमध्ये गाणं उचलून द्यायचं काम तिचं. त्यामुळे "सून नाटकात जाते" हे आमच्या घरात फार कुणाला टोचलं नाही. गावात टोचलं, पण गाव नाटक बघायला पहिल्या रांगेत असतं.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा आमचा धानाचा मुलूख, तीच झाडीपट्टी. दिवाळी झाली, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा भरली, धान घरात आलं की नाटकाचा हंगाम लागतो तो होळीच्या आसपासपर्यंत. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला. गावोगावची मंडळं तिथे येऊन तारखा पक्क्या करतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक ही जुनी जोडी. रात्री दहाच्या सुमाराला उघडलेला पडदा पहाटे चार-पाचला पडतो. २०२३ साली आमच्या झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांनी विचारलं, हे झाडीपट्टी काय आहे? आम्हाला गंमत वाटली. इथे त्यांना बघायला लोक बैलगाडी जुंपून जात.

तर आमचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे गळ्याचं काय होत होतं ते कळेल. पहाटे नाटक सुटतं. खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग पुसायचा. मंडळानं जेवण ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा मटण-भात, रस्सा असा की कानातून वाफा निघाव्यात. सहा तास पोटात काही नसतं, त्यामुळे तुटून पडायचं आणि लगेच गाडीत आडवं व्हायचं. गाडीत झोप लागत नाही. इंजिनाच्या आवाजावरून ओरडून गप्पा, कुणाचा प्रवेश कसा पडला, कुणाला बक्षिसात पाचशेची नोट आली आणि माइकवर नाव चुकीचं पुकारलं. पुरुष मंडळी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटत बसतात. दुपारी एक-दोनला दुसऱ्याच गावात, शाळेच्या खोलीत सतरंजीवर जाग येते.

आणि गळ्याची काळजी? ती तर आम्ही फार घेतो! दही नाही, चिंच नाही, केळं नाही, माठातलं पाणीसुद्धा नाही. पर्समध्ये ज्येष्ठमध, खडीसाखर, मिरे, लवंग. माझ्यासोबत एक गायिका होती, अकरा वर्षं दह्याला शिवलेली नव्हती. पण रोज दुपारी फोनवर नवऱ्याशी तासभर भांडायची, तेही शाळेच्या पटांगणाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं. एक गायक सांगायचा, कच्चं अंडं गिळलं की सूर गुळगुळीत होतो. तोच खर्ऱ्याची पुडी गालात ठेवून नांदीला उभा राहायचा. मीही काही वेगळी नव्हते. थंडीच्या रात्री मंचामागे शेकोटी असते, तिच्या धुरात बसून मी ज्येष्ठमध चघळायची.

आमच्यात एक शब्द उच्चारायचा नसतो: "आवाज बसला." फार तर म्हणायचं, "आज गळा जरा जड आहे." कारण इकडे शब्द तोंडातून निघाला की संध्याकाळपर्यंत वडशाला पोचतो आणि पुढची तारीख दुसरीला जाते. कोणी दुष्टपणानं करतं असं नाही. तारीख रिकामी ठेवता येत नाही, एवढंच. त्यामुळे प्रत्येक जण लपवतो. आणि प्रत्येकाला वाटतं, आपणच एकटे लपवतोय.

मीही लपवलं. त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी एका गावात डॉक्टरकडे गेले. त्यांना आमच्या लोकांची सवय होती. काही न बघता इंजेक्शन दिलं. रात्री आवाज असा मोकळा झाला की मी अंतऱ्यात दोन ताना जास्त घेतल्या. मला वाटलं, झालं, इतकं सोपं होतं. पुढच्या वेळी इंजेक्शनचा परिणाम दोन रात्री टिकला, त्याच्या पुढच्या वेळी एक. चौथ्यांदा काहीच झालं नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बोलतानाही आवाज दोन फाट्यांत निघायला लागला, जसं एकाच वेळी मी आणि माझी आजी बोलतोय. मॅनेजरला फोनवर खोटं सांगितलं की ताप आहे, चार दिवस मिळवले आणि नवऱ्याला घेऊन नागपूरला गेले.

नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली होती, म्हणून एसटीच. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड. खिडकीशी बसून मी मनातल्या मनात वरचा सा लावत होते. मनातल्या मनात तो लागत होता.

दवाखान्यात घशात कडू फवारा मारला. जीभ बधिर झाली. मग डॉक्टरांनी कापडाच्या तुकड्यात माझी जीभ धरली, चक्क ओढून बाहेर धरली, आणि एक लांब चकाकती नळी तोंडात घातली. "ई म्हणा." जीभ दुसऱ्याच्या हातात असताना ई म्हणून बघा. ओकारी आली. पुन्हा. तिसऱ्यांदा जमलं.

बाजूच्या पडद्यावर माझा गळा दिसत होता. चौतीस वर्षांची झाले, वयाच्या बाराव्या वर्षापासून चार लोकांसमोर गातेय, आणि हा गळा मी पहिल्यांदा बघत होते. मला काय वाटलं होतं कोण जाणे, काहीतरी बासरीसारखं असेल, वीणेच्या तारांसारखं असेल. "स्वरतंतू" म्हणतात ना. तंतू-बिंतू काही नव्हतं. ओलसर, पांढुरक्या मांसाच्या दोन छोट्या पट्ट्या, इंग्रजी व्ही च्या आकारात. श्वास घेतला की उघडायच्या, ई म्हटलं की मिटायच्या. मिटताना पूर्ण मिटत नव्हत्या. दोन्ही पट्ट्यांवर, अगदी समोरासमोर, मोहरीएवढी एकेक गाठ होती. गाठीला गाठ टेकायची आणि मागेपुढे फट राहायची. तीच ती हवा.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला अजून पाठ आहे, कारण तोपर्यंत मला कोणीच गळा समजावून सांगितला नव्हता. सूर शिकवला, ताल शिकवला, गळा नाही. माझी पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी कळ हा माझा सा; त्या मधल्या सा ला गळ्यातल्या या पट्ट्या सेकंदाला सव्वादोनशेपेक्षा जास्त वेळा एकमेकींवर आपटतात. वरच्या सा ला त्याच्या बरोबर दुप्पट. ओरडलं की आपटणं जोरात होतं. रोज विळा धरून बोटाला घट्टे पडतात, तसे तिथे पडतात. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. कॅन्सर नाही. कापायचीही घाई नाही. आवाज वापरायची सवय बदलली तर बहुतेकदा या गाठी ओसरतात, सवय तीच राहिली तर कापल्यावरही परत येतात.

"आणि ज्येष्ठमध?" मी विचारलं.

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "आपण जे गिळतो ते स्वरयंत्राला शिवतच नाही. घास खाली जाताना तो दरवाजा बंद होतो. शिवलं असतं तर ठसका लागून जीव गेला असता. बरं वाटत असेल तर खा. पण पट्ट्यांपर्यंत पोचते ती वाफ. आणि पाणी, तेही पोटातून, रक्तातून, काही तासांनी. तुम्ही रात्रभरात पाणी किती पिता?"

इथे मी गप्प बसले. नवरा सोबत होता म्हणून नाही, त्याला माहीतच होतं. पण एका अनोळखी पुरुषाला हे कसं सांगायचं? आमचा मंच शेतात उभा राहतो. धान कापून मोकळी झालेली बांधी, तिच्यात मंच, मागे ताडपत्री लावून रंगपट. संडास नसतो. पुरुषांना अंधार पुरतो. आम्हाला अंधारात कोण कोण उभं आहे ते बघावं लागतं. म्हणून झाडीपट्टीतली बाई दुपारी चारनंतर पाणी पीत नाही. कोणी शिकवलेलं नाही, नवी मुलगी आली की जुन्यांकडे बघून आपोआप शिकते. नऊवारी, दागिने, टोप हे सगळं चढवलं की सोडायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ दोन प्रवेशांच्या मध्ये नसतो. मी रात्री दहा ते पहाटे पाच, गात, ओरडत, रडत, एक फुलपात्र पाणी प्यायची. तेही घोट घोट, तोंड ओलं करण्यापुरतं. बारा हंगाम.

शेवटी नवऱ्यानंच सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चिठ्ठीवर औषधाच्या वर पहिल्या ओळीत लिहिलं: पाणी. खाली: सात दिवस संपूर्ण मौन, मग शेजारच्या खोलीत आवाजाच्या व्यायामाला. जेवण आणि झोप यांत तीन तास. खाकरायचं नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही, कुजबुजताना आपण गळा आवळतो आणि त्याचाही ताण पडतो. इंजेक्शनांचं ऐकून मात्र ते चिडले. म्हणाले, सूज तेवढी उतरते, दुखणं जिथल्या तिथे राहतं आणि तुम्ही बरं वाटतंय म्हणून त्याच्यावरच नाचता.

मौन. ऐकायला किती सोज्वळ वाटतं! आमच्या वडिलांच्या तोंडी हा शब्द नेहमी असायचा. तुकडोजी महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. मोझरीला त्यांच्या आश्रमात पुण्यतिथीच्या दिवशी बरोबर त्या मिनिटाला प्रचंड गर्दी जागच्या जागी उभी राहते आणि गप्प होते. आयुष्यभर खंजिरी वाजवून माणसं जागी करणाऱ्या माणसाला गप्प राहून नमस्कार. वडील मला एकदा घेऊन गेले होते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. त्या शांततेत कुठेतरी एक तान्हं मूल रडत होतं, तेवढंच आठवतं.

पण ते मौन काही मिनिटांचं. माझं सात दिवसांचं, आणि तेही घरात दोन पोरं, एक सासू, तीन शेळ्या आणि सतत वाजणारा फोन असताना. पोरीची पाटी घेतली. पहिल्या दिवशी पाटीवर "तूर डाळ संपली" लिहून नवऱ्याला दाखवलं, तर त्यानं मला खुणेनं विचारलं, किती आणू? अरे बाबा, गप्प मी आहे, तू बोल ना! पण माणसांचं तसंच होतं. समोरचा बोलत नसला की त्याला ऐकूही येत नसेल असं वाटतं. शेजारीण दारात येऊन माझ्या कानाशी ओरडून गेली, "बरा हाये का वो आता?" सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "तिचा गरा बसला. डागदरानं तोंड शिवून पाठवला." दोन दिवसांत गावात तीन कथा तयार झाल्या. एका कथेत मी नवस बोलले होते, दुसरीत कोणीतरी करणी केली होती, तिसरीत नवऱ्याशी भांडण झालं होतं. तिसरी नवऱ्याला फार लागली.

शेळी शिरली भाजीच्या वाफ्यात. हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, ताट घेतलं आणि पळीनं बडवलं. सगळी आळी धावत आली. तेव्हा लक्षात आलं की मी दिवसातून किती ओरडते. नाटक तर हंगामात, ओरडणं बाराही महिने. पोरांवर, शेळ्यांवर, पंपावरच्या नवऱ्याला घरातून, नदीकाठच्या बाईला बांधावरून. गाणारी म्हणून माझा आवाज मोठा, असं मला कौतुकानं वाटायचं.

चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन. मी मुलाकडे दिला. तो अकरा वर्षांचा. त्याला पाटीवर लिहून दिलं होतं, "आईला ताप आहे, झोपली आहे." त्यानं फोन घेतला, पाटी नीट वाचून दाखवली आणि वर आपल्या मनाचं जोडलं, "पण ती आता इथेच बसून लिहून रायली जी. तिच्या गऱ्यात गाठी हायेत दोन."

संपलं. होळीपर्यंतचे माझे एकोणीस प्रयोग होते. प्रयोगामागे अडीच हजार. ते सगळे एका संध्याकाळी गेले. पोराला मारायला हात उचलला होता मी, पण मारताना ओरडता येणार नाही हे लक्षात आलं आणि हसू आलं. न ओरडता पोराला मारणं आमच्यात जमत नाही.

आठव्या दिवशी पुन्हा नागपूर. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिनं झाडीपट्टी पाहिलेली नव्हती. सहा-सात तास, असं सांगितलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

"माइक असतो ना, ताई?"

"असतो. वर टांगलेला."

"मग ओरडता कशाला?"

याला उत्तर नव्हतं. एसटीत बसल्यावर सुचलं. स्पीकर सगळे लोकांकडे तोंड करून. वाजवणारे आमच्या पुढ्यात, तबला, ऑक्टोपॅड, ऑर्गन. आपला आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. ऐकू येत नाही म्हणून आपण वाढवतो. आणि एक खरं कारण, जे मी तिला पुढच्या खेपेलाही सांगितलं नाही: शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला माइकशिवायही ऐकू गेलं पाहिजे, नाही तर ती कसली गायिका, हे मी वडिलांकडून घेतलं होतं. त्यांच्या दंडारीत माइक नव्हता.

व्यायाम म्हणजे पोरखेळ. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवायचा आणि ऊ करत फुंकायचं. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. एकदम भुसकन आले तर श्वास सांडतोय, मध्येच थांबले तर गळा आवळलाय. मग त्याच ऊ वर सूर खालून वर न्यायचा आणि परत आणायचा, बुडबुडे न तुटता. पहिल्या दिवशी मला पाच सेकंदसुद्धा जमलं नाही. बारा वर्षं काम केलेली बाई, ग्लासात बुडबुडे काढता येईनात! दुसरा व्यायाम ओठ सैल सोडून फुर्रर्र करायचं. माझी पोरगी म्हणाली, "हे तर ट्रॅक्टर आहे," आणि माझ्याहून कितीतरी चांगलं करून दाखवलं. पाच-पाच मिनिटं, दिवसातून सहा वेळा. स्ट्रॉ आठवडाभरात चावून चपटे झाले, तेव्हा सासऱ्यांनी बांबूची बारीक नळी कापून दिली, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेली. ती अजून वापरते.

सगळ्यात अवघड गेलं ते खाकरणं सोडणं. मला वाटायचं मी खाकरत नाही. पोराला पाटीवर रेघा मारायला बसवलं. एका दुपारी त्रेचाळीस रेघा झाल्या. खाकरायची हुक्की आली की घोटभर पाणी, नाहीतर नुसता आवंढा. महिनाभर मी विहिरीवर बसवलेल्या मोटारीसारखी पाणी ओढत होते.

एप्रिलमध्ये ऑर्गनवाले मास्तर घरी आले. कंपनीतलं दुसरं कोणी आलं नव्हतं, आणि माझा राग नाही त्याबद्दल. बसलेल्या आवाजाच्या घरी जायला गाणारे घाबरतात, संसर्ग होईल असे. मास्तरांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. त्यांनी खर्रा खिशातून काढला आणि परत ठेवला. मग म्हणाले,

"बाई, एक सांगू का? डिसेंबरात चार नाटकं मी तुमची गाणी पांढरी सहात वाजवली. काळी पाचात नाही."

म्हणजे अर्ध्या सुरानं खाली. मी बघतच राहिले.

"तुमाले समजला?"

"नाही."

"लोकाइले समजला?"

कुणालाच समजलं नव्हतं. टाळ्या तिथेच आल्या होत्या. मी मात्र वर्षानुवर्षं सांगत हिंडत होते की मी काळी पाचची गायिका आहे, जसं काही ते माझं आडनाव आहे. आमच्यात पट्टी उतरवणं म्हणजे वय झालं असं धरतात. गायिका साठीची झाली तरी चालते, पट्टी उतरली की संपली. मास्तरांना मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, "सांगतलो असतो तं तुम्ही पुढच्या रात्री काळी पाचात गायल्या असत्या. मुद्दाम."

खरं होतं.

मे महिन्यात पुन्हा नळी, पुन्हा फवारा, पुन्हा ई. मोहरी आता खसखशीवर आली होती. एका बाजूची तर शोधावी लागली. डॉक्टरांनी हळूहळू गायला परवानगी दिली: रोज दहा मिनिटं, खालच्या सप्तकात, बसून. जूनमध्ये वीस. पाऊस पडला, रोवणी लागली. बांधीत सासूनं गाणं उचललं आणि झिल धरायला, म्हणजे मागून साथ द्यायला, माझ्याकडे बघितलं. मी चिखलात वाकलेली, रोपांची जुडी हातात. तिनं नेहमीपेक्षा खालून सुरुवात केली होती. तिला पट्टी-बिट्टी काही कळत नाही. पण घरात चार महिने बांबूच्या नळीतून जो ऊ ऐकला होता, बरोबर त्या जागेवरून तिनं गाणं उचललं होतं.

ऑक्टोबरात वडशाला तालमी सुरू झाल्या. कंपनी दुसरी, पैसे प्रयोगामागे पाचशे कमी. बोलणी करताना मी दोन अटी घातल्या. जेवण नाटकाच्या आधी सातला, पहाटे फक्त दूध-पोळी. आणि मंचामागे बायांसाठी तट्ट्याची आडोशाची जागा, पाण्याच्या बादलीसह. पहिल्या अटीला मॅनेजर हो म्हणाला. दुसरी ऐकून तो खुर्चीत हलला. "प्रत्येक गावच्या मंडळाले कसा सांगू जी? लाजेची गोष्ट." मी म्हटलं, मंचाला बल्ल्या किती लागतात ते सांगता ना, त्याच्याखाली ही एक ओळ लिहा. बाजूला बसलेल्या दोन नट्या खाली मान घालून नखं बघत होत्या. त्यातली एक बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, बरं केलं. मला दोनदा मूत्रमार्गाचा त्रास झाला मागच्या हंगामात." तिनं हे आतापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. तीही लपवतच होती.

पहिला प्रयोग भाऊबीजेनंतरच्या मंडईत. पोचल्या पोचल्या मी आधी मंचामागे गेले. चार बल्ल्या, तीन बाजूंनी तट्टा, चौथ्या बाजूला कोणाचं तरी जुनं लुगडं बांधलेलं. बादली होती, पाणी घ्यायचा मग नव्हता. चालेल. रात्रभरात मी दोन बाटल्या पाणी प्यायले आणि तीनदा जाऊन आले, आणि दुसऱ्या अंकातला माझा प्रवेश नऊवारीच्या गाठीपायी मिनिटभर उशिरा सुरू झाला. तेवढा वेळ विनोदी नटानं म्हशीची गोष्ट सांगून काढला.

मास्तर या कंपनीत नव्हते. नवा पोरगा होता, ब्रह्मपुरीकडचा, कीबोर्डवर. तिसऱ्या अंकाच्या आधी पुढ्यात वाकून त्याला म्हटलं, "माझी सगळी गाणी काळी चारात."

"पण ताई, तुम्ही काळी पाच ना? मी तेच बसवलंय."

"काळी चार. आणि ऑक्टोपॅडवाल्याला सांग, माझ्या अंतऱ्याला जरा हात आवर."

गायले. वरच्या सा वर पूर्वीइतकी थांबले नाही. एका ठिकाणी, उतरताना धैवतावर, जरा खरखर आली आणि गेली. टाळ्या पडल्या, पूर्वीपेक्षा कमी की तेवढ्याच, मोजल्या नाहीत.

पहाटे रंग पुसत होते तेव्हा एक म्हातारी ताडपत्री सारून आत आली. अंगावर तणशीच्या काड्या चिकटलेल्या. दर हंगामात येते, तोंडावरून हात फिरवते, दहाची नोट देते.

"औंदा तुझा आवाज बदलला वो माय," ती म्हणाली.

"हो जी, बदलला."

तिनं नोट काढली, माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "ते लुगडा बांधलेला हाये मांगं, तिथं मी जाऊ का?"